रिताची साक्ष होईपर्यंत

सानगडीच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्या दिवशी भय्याजीची जोडी हरली, आणि दिवस मावळायच्या आत त्याचा धाकटा भाऊ कमलेश स्वतःच्याच घरामागे कुऱ्हाडीने मारला गेला.

जोडी हरली ती सगळ्या गर्दीसमोर. निम्म्या वाटेत पांढरा बैल बुजला, छकडा तिरपा झाला आणि जोडी पट्टी सोडून सरळ माणसांत घुसली. छकड्यावर धुरकरी होता इश्वर. शेजारच्या खेड्यातला, धानाच्या दोन-चार बांध्यांचा धनी, पण बैल हाकण्यात साकोली तालुक्यात त्याचं नाव होतं. तो फेकला गेला, कोपरं सोलली, तसाच उठून बैलांमागे धावला. त्याने बैल आवरले तोवर कमलेश तिथे पोचला. तो दुपारपासून प्यायलेला होता. काही न विचारता त्याने पायातली चप्पल काढून इश्वरच्या तोंडावर हाणली.

"मुद्दाम हारवली न बे तू जोडी?"

इश्वरच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्याने कमलेशची कॉलर धरली, त्याला मातीत आपटलं आणि छातीवर गुडघा रोवला.

"आज तुले जितं नाई ठेवत!"

हे शंभर माणसांनी ऐकलं. चार जणांनी त्याला ओढून बाजूला केलं. बैल हाकायची खिळ्याची काठी, तुतारी, त्याने तिथेच फेकून दिली आणि सदऱ्याच्या बाहीने नाक पुसत घराच्या वाटेला लागला. त्याची तुतारी भय्याजीने उचलली आणि आपल्या जीपमध्ये टाकली.

कमलेशची बायको रिता तेव्हा घरी होती. पटाला पाहुणे येतात म्हणून ती सकाळपासून चुलीपुढे होती. सासू ताराबाई बायकांबरोबर पट पाहायला गेली होती. चार वर्षांची राखी आतल्या खोलीत झोपली होती. जीप आल्याचं रिताने ऐकलं, मग मागच्या बाजूने दोघा भावांचे आवाज ऐकले. भांडण नवं नव्हतं. वावर अजून बापाच्याच नावावर होतं, आणि कमलेशने हिस्सा मागितला की भय्याजी त्याला एक बाटली देऊन गप्प करी. त्या दिवशी मात्र कमलेश गप्प बसायला तयार नव्हता.

"तुह्या बैलापायी मी लोकाईत मार खाल्ला," तो म्हणत होता. "आता बस. माहा हिस्सा मोकळा कर. उद्याच तलाठ्याकडं जाऊन राहिलो मी."

"जाऊन तं दाखव."

रिता मागच्या दारात आली. तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगापाशी कमलेश पाठमोरा उभा होता. सरपणाला टेकवलेली कुऱ्हाड भय्याजीने उचलली. धमकी द्यायला उचलली असेल असं तिला वाटलं. पहिला घाव खांद्यात बसला. कमलेश वळला. त्याच्या चेहऱ्यावर दुखण्याआधी नवल आलं.

"दादा?" तो म्हणाला.

दुसरा घाव मानेत बसला. कमलेश तणसावर कोसळला आणि पिवळं तणस त्याच्या डोक्याखाली काळपट होत गेलं. त्याचे पाय हलत होते. भय्याजीने तिसरा घाव घातला तेव्हा तेही थांबले.

भय्याजी वळला आणि त्याने तिला पाहिलं. तो धापा टाकत होता. त्याच्या दाढीवर रक्त उडालं होतं. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन आल्यापासून तिने त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

"राखी झोपली हाये न?" त्याने विचारलं. "झोपू दे तिले. तू काईच पायलं नाई. समजलं?"

त्याने सदरा काढला, कुऱ्हाडीभोवती गुंडाळला, जीपमधली तुतारी आणून प्रेताशेजारी टाकली आणि निघून गेला. परत आला तेव्हा तो अंगावर धुतलेले कपडे घालून, गावच्या माणसांबरोबर आला. पहिली किंकाळी त्यानेच फोडली.

रात्र पडायच्या आत पोलिसांनी इश्वरला त्याच्या अंगणातून उचललं. त्याच्या बाहीवर रक्त होतं, त्याचं स्वतःचंच, पण तेव्हा ते कोण ऐकणार? त्याच्या गोठ्यातल्या तणसात कुऱ्हाड सापडली. तिथे शोधा असं भय्याजीनेच सांगितलं होतं. ठाण्यात इश्वरच्या तळपायांवर पट्टे बसत राहिले. तो एकच वाक्य बोलत राहिला, "मी घरी आलो, तोंड धुतलं अना झोपलो." त्याच्या घरी कोणी नव्हतं. बाप केव्हाच वारला होता आणि आई लेकीकडे गेली होती.

रिताचा जबाब भय्याजीच्या समोरच झाला. ती चुलीपाशी होती, तिने काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. तिने सही केली. राखी भय्याजीच्या मांडीवर बसली होती.

खटला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात उभा राहिला तोवर पुढच्या वर्षीचा पट येऊन गेला होता. इश्वर आतच होता. त्याची वकील हर्षा सोनकुसरे, पवनीच्या विणकर घरातली पोरगी. फौजदारी खटल्यांत तिला फार वर्षं झाली नव्हती आणि समोर पुरावा भिंतीसारखा उभा होता. धमकी ऐकणारे साक्षीदार एकामागून एक आले. तुतारी आली, कुऱ्हाड आली, इश्वरचा रक्ताळलेला सदरा आला. रिताचं नाव सरकारच्या यादीत होतं, पण तिला काही माहीतच नाही म्हणून सरकारी वकिलांनी तिला सोडून दिलं.

तरी भय्याजी तिला प्रत्येक तारखेला घेऊन येई. विधवा मागच्या बाकावर बसलेली बरी दिसते, असा त्याचा हिशेब असावा.

एका तारखेला इश्वर हात छातीशी धरून आला. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. आत दोघा कैद्यांनी त्याचा हात लोखंडी दाराच्या फटीत घालून दार तीन-चारदा आपटलं होतं. एकाने त्याचं डोकं भिंतीला दाबून धरलं होतं आणि कानात सांगितलं होतं, "गुन्हा कबूल कर. बाहेरून निरोप हाये." हाडांचा चुरा झाला होता. व्हरांड्यातून पोलीस त्याला नेत असताना रिता समोर आली. इश्वर थांबला. एका हाताने नमस्कार होईना म्हणून त्याने पट्टीचा हातही वर केला आणि वेदनेने त्याचं तोंड वाकडं झालं.

"वहिनी, मी नाई मारलं कमलेशभाऊले," तो म्हणाला. "तुमी तरी मायावर भरोसा ठेवा."

पोलिसाने त्याला पुढे ढकललं. रिता तिथेच उभी राहिली. त्याच्या आवाजात राग असता तर तिला सोसलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने हर्षाला बायकांच्या बाथरूमच्या दारात गाठलं. बाहेर भय्याजी पानटपरीवर उभा होता.

"मी पायलं," रिता म्हणाली.

"काय पाहिलं?"

"समदं. माह्या डोयानं पायलं." तिने बाहेर टपरीकडे पाहिलं. "मी बोलीन. पन आधी राखीले पवनीले माहेरी नेऊन ठेवतो. ते त्याच्या घरात हाये तवर माह्या तोंडातून शब्द नाई निघनार."

कमलेशला कोणी मारलं, हे हर्षाने विचारलं नाही. रिताने टपरीकडे पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं.

सरकारी पुरावा संपला. हर्षाने रिताला बचावाची साक्षीदार म्हणून बोलावण्याचा अर्ज दिला. तो मंजूर झाला आणि समन्स निघालं. समन्स घरी पोचलं तेव्हा भय्याजीने ते वाचलं, घडी घातली आणि रिताला परत दिलं. राखी तोवर पवनीला पोचली होती.

साक्षीच्या दिवशी रिता सकाळीच घरातून निघाली. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भय्याजीची माणसं असतील म्हणून हर्षाने तिला नदीच्या अलीकडे, कारध्याला उतरायला सांगितलं होतं. हर्षा तिथे स्कूटी घेऊन येणार होती. पण पुलावर एक ट्रक बंद पडला आणि हर्षा गाड्यांच्या रांगेत अडकली.

रिता साकोलीच्या बसमधून उतरली. उन्हं नुकती वर आली होती. चहाच्या टपरीवर माणसं होती, भाजीवाल्या बायका होत्या. बसच्या मागोमाग एक जीप आली. तिची नंबरप्लेट चिखलाने माखलेली होती. जीपमधून उतरलेल्या माणसाने तोंडाला दुपट्टा बांधला होता. त्याच्या हातात चाकं खोलायची लोखंडी टॉमी होती.

रिताने त्याला चालीवरून ओळखलं. ती पळाली. पदर पायात आला आणि ती टपरीच्या बाकावर आदळली.

"वाचवा हो!" ती ओरडली. "हा मारून टाकते मले!"

पहिला फटका तिच्या जबड्यावर बसला. टपरीवाल्याने हातातली किटली टाकली, पण तो जागचा हलला नाही. दुसरा फटका तिने हातावर घेतला, हात मोडला. ती उताणी पडली तसा त्याने तिच्या गळ्यावर पाय ठेवला आणि सगळा भार त्यावर दिला. जमिनीवर दात सांडले होते. एक भाजीवाली बाई तेवढी उठली. तिने भोपळे तोलायचं लोखंडी वजन त्याच्या पाठीवर फेकून मारलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. तेव्हा कुठे माणसं हलली. तो जीपमध्ये चढला आणि सानगडीच्या दिशेने निघून गेला.

हर्षा पोचली तेव्हा रिता मातीत पडलेली होती. घशातून रक्ताचे बुडबुडे येत होते. हर्षाने गुडघे टेकून तिचं डोकं एका कुशीवर केलं. रिताचे डोळे उघडे होते. तिने मोडलेला हात उचलून नदीपलीकडे, शहराकडे दाखवला.

"हो, जाऊ," हर्षा म्हणाली. "आधी दवाखान्यात जाऊ."

दुपारी हर्षा न्यायालयात उभी राहिली तेव्हा तिच्या पांढऱ्या कॉलरवर रक्त वाळलेलं होतं. तिने ते बदललं नव्हतं. वेळ मिळाला नव्हता हे खरंच होतं.

"साहेब, माझी साक्षीदार इथे यायला निघाली होती. कारध्याला तिच्यावर जीवघेणा हल्ला झाला. आता ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. तिची साक्ष होईपर्यंत हा खटला थांबवावा, अशी माझी विनंती आहे."

सरकारी वकील उठले. ते वाईट माणूस नव्हते. पुरावा त्यांच्या बाजूने होता, एवढंच. "झालं ते वाईटच झालं, साहेब. त्याचा वेगळा गुन्हा दाखल झालाय, तपास होईल. पण या खटल्याशी त्याचा काय संबंध? या बाईंचा पोलिसांपुढचा जबाब आहे. आपण चुलीपाशी होतो, काही पाहिलं नाही, असं त्या म्हणतात. ज्या साक्षीदाराला काही माहीत नाही, तिच्यासाठी खटला किती दिवस लोंबकळत ठेवायचा? आणि ती बरी होईलच असं कोण सांगतंय?"

"जिला काही माहीत नाही," हर्षा म्हणाली, "तिचा जबडा कोणी कशासाठी फोडेल, साहेब? तिच्या गळ्यातली साखळी जागेवर होती, पिशवीत पैसे तसेच होते. त्या माणसाचा रोख फक्त तिच्या तोंडावर आणि गळ्यावर होता."

मागच्या बाकावर भय्याजी बसला होता. तो वेळेवर आला होता. त्याने दुःखी चेहऱ्याने मान हलवली. बसताना तो पाठ बाकाला टेकवत नव्हता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकील मॅडम, साक्षीदार नाही म्हणून आम्ही खटले थांबवत गेलो, तर एकही खटला संपायचा नाही. हा आरोपी आधीच किती काळ आत आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही थांबा म्हणता. आत बसून थांबायचं त्याला आहे." ते आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं आहे?"

इश्वर उभा राहिला. सकाळपासून काय झालं हे त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं. साक्षीदार आली नाही, एवढंच त्याला कळलं होतं.

"साहेब, मले नाई थांबाचं," तो म्हणाला. "आतमंदी हात गेला, आता जीव जाईन. जे काय देता ते आजच देऊन टाका. फाशी तं फाशी."

"इश्वर!" हर्षा म्हणाली.

"नाई मॅडम. मी थकलो."

हर्षाने दोन मिनिटं बोलायची परवानगी मागितली. ती पिंजऱ्यापाशी गेली आणि हळू आवाजात बोलू लागली. रिता कारध्याला उतरली होती हे तिने सांगितलं. ती कोणासाठी उतरली होती हे सांगितलं. दात कुठे पडले होते, हात कसा मोडला होता, आणि त्याच हाताने तिने शहराकडे कसं दाखवलं, तेही सांगितलं. इश्वरने तिच्या कॉलरवरचं रक्त पाहिलं. मग त्याने मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. तो बराच वेळ पाहत राहिला. भय्याजीने नजर मोबाईलमध्ये घातली.

"त्यानंच का?" इश्वरने विचारलं.

"ते तिला सांगू दे."

इश्वरने चांगल्या हाताने पिंजऱ्याचा गज धरला, तेव्हा दोघे पोलीस पुढे सरकले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांबतो, साहेब," तो मोठ्याने म्हणाला. "वहिनी बोलेपर्यंत थांबतो. कितीबी."

न्यायाधीशांनी लगेच हुकूम दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं की जबडा तीन ठिकाणी मोडलाय, गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातलीय. ती शुद्धीवर आहे, पण बोलू शकत नाही. नळी निघाल्यावर आवाज येईल की नाही, आत्ता सांगता येणार नाही. न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं आणि मग हुकूम वाचला. रिताची साक्ष होईपर्यंत, किंवा ती कधीच साक्ष देऊ शकणार नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत, खटला जागच्या जागी थांबेल. दवाखान्यात तिच्या दाराशी पोलीस राहील. आरोपीला वेगळ्या बराकीत ठेवावं. हर्षाने दिलेला जामिनाचा अर्ज त्यांनी फेटाळला. "हा बाहेर गेला तर गावात याचंच प्रेत पडेल," ते म्हणाले.

हुकूम ऐकून भय्याजी उठला आणि बाहेर गेला.

रिता भंडाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात होती. ताराबाई पहिल्या दिवसापासून तिच्या उशाशी बसलेली होती. रस्त्यावरच्या चोरट्यांनी सुनेला मारलं, असं तिला थोरल्या लेकाने सांगितलं होतं, आणि तिने ते मानलं होतं. ती रिताचे ओठ ओल्या कापडाने पुसायची, केस विंचरायची, बोलत राहायची. "पिलू पवनीले मजेत हाये. तू बरी हो, आपन दोघीबी जाऊ तिले आनाले." रिता तिच्याकडे पाहायची आणि डोळे मिटून घ्यायची. म्हातारीला कसं सांगायचं? आणि सांगायला गळा होताच कुठे! लिहायचा हातही प्लास्टरमध्ये होता.

एका दुपारी भेटीच्या वेळेला भय्याजी डबा घेऊन आला. दारातल्या शिपायाने त्याला अडवलं.

"आई आत बसली हाये माही," भय्याजी म्हणाला. "म्हातारीनं सकायपासून काई खाल्लं नाई."

शिपायाने डबा उघडून पाहिला आणि त्याला सोडलं. आत आल्यावर भय्याजीने आईला गरम पाणी आणायला पाठवलं. ताराबाई थर्मास घेऊन निघाली. जिन्यापर्यंत जाऊन तिला आठवलं की झाकण उशाशीच राहिलं. ती परत फिरली.

भय्याजी पलंगावर वाकला होता. त्याचा डावा तळवा रिताच्या कपाळावर होता, आणि उजव्या हाताचा अंगठा त्याने तिच्या गळ्यातल्या नळीच्या तोंडावर दाबला होता. रिताचं अंग कमानीसारखं उचललं गेलं होतं. तिच्या टाचा गादीवर आपटत होत्या. आवाज काहीच नव्हता.

"काय करून रायला बे?" ताराबाई म्हणाली.

तो दचकला, पण अंगठा हलला नाही. "माय, तू भायेर जाय."

"सोड तिले!"

"हे बोल्ली तं मी फासावर जाईन, माय! समजून घे. रागाच्या भरात होऊन गेलं माह्या हातून. कमलेश तं गेला. एक मीच राहिलो न तुले?"

ताराबाईला समजायला एक श्वास लागला. तेवढ्यात रिताच्या टाचा मंद पडायला लागल्या होत्या. म्हातारीने सलाईनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उपटला आणि पोराच्या डोक्यात घातला. बाटली फुटली. भय्याजी बाजूला झाला आणि नळीतून शिट्टीसारखा श्वास आत गेला. त्याने आईच्या तोंडावर कोपर मारलं. ती पलंगावर आदळली, तरी तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि मनगटाला असा चावा घेतला की तो किंचाळला. त्याने तिचे केस धरून डोकं पलंगाच्या लोखंडावर एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. तिने दात सोडले नाहीत.

शिपाई आणि वॉर्डबॉय आत घुसले. शिपायाची काठी भय्याजीच्या गुडघ्यावर बसली आणि तो पडला. शेजारच्या खोल्यांतले लोक धावून आले. काय झालं ते कळताच त्यांनी त्याला फरशीवर लाथा घातल्या. शिपायाने त्याला वाचवून बाहेर काढलं तेव्हा त्याचा एक डोळा बंद झाला होता.

ताराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. काही तिचं होतं, काही पोराचं.

"जित्ती हाये न माही सून?" तिने नर्सला विचारलं.

"आहे, आजी. आहे."

तेव्हा ती रडायला लागली.

खटला पुन्हा उभा राहिला तेव्हा धान कापणीला आलं होतं. डॉक्टरांनी रिताची नळी काढली होती. आवाज परत आला होता, पण तो तिचा नव्हता. खरखरीत आणि आत ओढलेला, जणू कोणी छपराच्या कवेलूवर कवेलू घासतंय. जबडा एका बाजूला कलला होता. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, न्यायाधीशांनी तिला खुर्ची दिली, तिने ती नाकारली.

तिने सगळं सांगितलं. मागचं दार, सरपण, पहिला घाव, दुसरा, तिसरा. कमलेश काय बोलला तेही सांगितलं. तो शब्द तिच्या तोंडून दोनदा निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला. तिला दर दोन वाक्यांनी पाणी प्यावं लागत होतं. लिहून घेणारा बाबू बरेचदा "काय म्हणालात?" असं विचारायचा आणि ती पुन्हा सांगायची.

सरकारी वकिलांनी उलटतपासणी केली, कारण ती त्यांना करायलाच हवी होती. "मग पोलिसांना तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तो तिथंच बसला होता, साहेब. माही पोरगी त्याच्या मांडीवर होती."

"आणि नंतर? इतके दिवस का बोलला नाहीत?"

रिताने बोट स्वतःच्या जबड्याकडे नेलं. "बोलाले निघाली होती. वाटंत हे झालं."

वकील खाली बसले.

इश्वर सुटला. निकाल ऐकताना तो हसला नाही, रडलाही नाही. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. कासरा धरायचा हात तो. बाहेर व्हरांड्यात तो रितापाशी आला, तिच्या पायांशी वाकू लागला, तशी ती मागे सरकली.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "मी पयल्याच दिवशी बोल्ली असती तं तुहा हात शाबूत रायला असता."

"अना राखी?" इश्वर म्हणाला.

इश्वरची आई त्याला धरून रिक्षाकडे घेऊन गेली.

कोर्टाच्या फाटकाबाहेर ताराबाई उभी होती. ती आत आली नव्हती. भय्याजीवरचा खटला आता उभा राहणार होता, आणि त्यात दवाखान्यात काय घडलं हे सांगायला तिला स्वतःला त्या पिंजऱ्यात उभं राहायचं होतं. समन्स कालच घरी आलं होतं. सानगडीच्या घरात आता ती एकटीच होती.

रिता तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. पवनीची बस लागायला वेळ होता. दोघी सासू-सुना रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत बसल्या.

"मले बोलता येईन का वो, रिता?" ताराबाईने विचारलं. "तो समोर बसला राहीन. माह्या पोटचा हाये. मायाकडं पाहीन तो."

"येईन, मामीजी."

"अना नाई आलं तं?"

रिताने घसा खाकरला. थोडं बोललं तरी तो अजून दुखत होता. तिने म्हातारीचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मी राहीन न तुमच्यासंगं," ती कशीबशी म्हणाली. "आधी पवनीले चाला. राखी तुमची वाट पाहून राहिली."